लॅपटॉपला आवाज येईना, त्याची नोंद



गेले तीन आठवडे इथं नोंद नाही, कारण मी शेतावर नव्हतो. घरच्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून मुलुंडला थोरल्याकडं होतो, पूर्वेला मिठागर रोडच्या बाजूला. कांद्याचं रोप धाकट्या भावाच्या ताब्यात देऊन गेलो होतो. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, लॅपटॉपची आहे. पण फिरून ती टोमॅटोवरच येते. सप्टेंबरमधली माझी करप्याची नोंद ज्यांनी वाचली असेल त्यांनी तर ही वाचाच.

लॅपटॉप थोरल्याचा जुना. त्याला ऑफिसनं नवीन दिला, तेव्हा हा मला आला. हिशेब, फोटो, पावसाचं रजिस्टर आणि दर गुरुवारी संध्याकाळी सातचा ऑनलाइन वर्ग एवढ्यालाच मी तो वापरतो. वर्गात टोमॅटो-कांदावाले आम्ही तीस-पस्तीस शेतकरी असतो, सर बोलतात, आम्ही विचारतो. मुलुंडला असलो तरी गुरुवार चुकवायचा नाही असं ठरवून लॅपटॉप पिशवीत घालून नेला होता. ओतूरवरून माळशेजनं कल्याण आणि तिथून लोकल, सगळा प्रवास मांडीवर.

पहिल्या गुरुवारी सात वाजता उघडला. सर दिसतायत, ओठ हलतायत, आवाज नाही.

थोरला तेव्हा रस्त्यात. त्याचं ऑफिस अंधेरीला. मुलुंडवरून लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रो. ही मेट्रो २०१४ साली चालू झाली, मुंबईतली पहिली, वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंत. त्याआधी अंधेरीला जायला बसमध्ये किती वेळ जायचा ते तो अजून सांगतो. पण संध्याकाळी सातला घाटकोपरच्या त्या पुलावर माणूस उभा राहू शकत नाही, तिथं फोनवर बापाला लॅपटॉप काय समजावणार? म्हणाला, "अण्णा, घरी आलो की बघतो." घरी यायला आठ. तोवर वर्ग संपणार.

मग मी माझ्या पद्धतीनं लागलो. ड्रिपला पाणी येत नसलं की आपण काय करतो? आधी शेवटच्या ड्रिपरला टाचणी घालत बसत नाही. विहिरीवरून सुरुवात करतो. मोटर चालू आहे का, फिल्टरच्या अलीकडं दाब किती, पलीकडं किती, सबमेनचा व्हॉल्व्ह उघडा आहे का, मग लॅटरल, मग ड्रिपर. पाणी कुठवर आलंय ते कळलं की दोष त्याच्या पुढं. आवाजाचंही तसंच असणार म्हटलं. सरांचा आवाज निघतोय हे नक्की, कारण बाकीचे मान डोलावतायत. म्हणजे विहीर भरलेली आहे. दुसरं एखादं गाणं लावून बघितलं, तेही मुकं. म्हणजे दोष वर्गाचा नाही, लॅपटॉपचा. खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र असतं, त्यावर फुली नाही, आवाज शंभरवर. म्हणजे मोटर चालू, आणि पाणी कुठंतरी जातंय.

तेवढ्यात सूनबाई किचनमधून बाहेर आल्या. "अण्णा, कुणीतरी किचनमध्ये करपा, करपा म्हणतंय."

झालं असं होतं, की रविवारी नातीनं लॅपटॉपवरची गाणी ऐकायला किचनमधला तो डब्यासारखा ब्लूटूथ स्पीकर जोडला होता. सूनबाईंनी स्वयंपाकाला लागताना स्पीकर चालू केला आणि त्यानं जुनी ओळख धरून माझा लॅपटॉप पकडला. सर आमचे कुकरशेजारी बसून करपा शिकवत होते. पाणी आपलं, व्हॉल्व्ह उघडा शेजाऱ्याच्या वावराचा. नात सातवीत आहे, तिनं स्पीकरच्या चित्रावर बोट ठेवलं, वर नाव दिसतं त्याच्या बाजूच्या बाणावर दाबलं, यादी आली, त्यातून लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर निवडला. एवढंच. तुमच्याकडं कधी असं झालं तर आधी ही यादी बघा. दहातले निम्मे घोटाळे इथंच असावेत असं मला वाटतं.

नात जाता जाता म्हणाली, "आबा, मला तर केव्हाचा ऐकू येत होता किचनमधला आवाज. तुम्हाला नाही आला?" मी म्हटलं, कुकरच्या शिट्टीत कसा येणार.

पण यादी बदलूनही लॅपटॉप मुकाच. आता तो सांगत होता की हेडफोन लावलेला आहे. आणि लावलेला तर काहीच नव्हतं. तो वर्ग तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या गल्लीत एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा. हेडफोनची पिन घालायचं जे भोक असतं त्यात त्यानं मोबाइलचा उजेड मारला, बारीक कोरडा ब्रश फिरवला आणि हातावर भुसा काढला. "काका, हे काय, तंबाखू?" कोकोपीट! रोपवाटिकेच्या शेडमध्ये ट्रे भरताना लॅपटॉप त्याच टेबलावर असतो ना. भोकाच्या आत एक छोटी पट्टी असते, पिन घातली की ती सरकते आणि लॅपटॉपला कळतं की हेडफोन आला, आता बाहेरचा स्पीकर बंद करायचा. कोकोपीटनं ती पट्टी दाबून धरली होती. पोरानं सांगितलं की तोंडानं फुंकर मारायची नाही, ओल आत जाते. सुई घालायची नाही. लॅपटॉप बंद करून कोरड्या ब्रशनंच काढायचं. पन्नास रुपये घेतले. नर्सरीत लॅपटॉप नेणाऱ्यांनी त्या भोकाला रबराचं बूच मिळतं ते लावावं, मी आता लावलंय.

आवाज आला. मला वाटलं संपलं.

पुढच्या गुरुवारी सरांचा आवाज येत होता, पण शब्द कळेनात. म्हणजे कसं सांगू, हंड्यात तोंड घालून बोलावं तसं. सर बोलतायत हे ऐकू येतंय, काय बोलतायत ते निम्मं कळतंय. आवाज वाढवला की नुसता गोंगाट वाढतोय. मी वैतागलो. दुसऱ्या दिवशी थोरल्याला सुट्टी होती, त्याच्याकडून सगळं करून घेतलं. व्हॉल्यूम मिक्सर म्हणून एक असतं, त्यात प्रत्येक कार्यक्रमाचा आवाज वेगळा कमी-जास्त होतो, तो सारखा केला. एन्हान्समेंट म्हणून आवाज सजवायचे प्रकार असतात ते सगळे बंद केले. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन साउंडचा ड्रायव्हर काढून टाकला आणि लॅपटॉप बंद करून चालू केला, की विंडोज तो आपोआप परत बसवतं. म्हणजे मोटरचा स्टार्टर खोलून परत बसवल्यासारखं. फरक शून्य. थोरला म्हणाला, "अण्णा, मला तर क्लिअर येतंय." सूनबाईंना क्लिअर. नातीला क्लिअर. ऑपरेशन झालेल्या आमच्या घरच्या, डोळ्याला काळा चष्मा, त्या आतून म्हणाल्या, "मलाही येतंय."

मी म्हटलं, स्पीकर फाटलाय, तुम्हाला कळत नाही. थोरल्यानं वायरचे इअरफोन दिले. ते लावले तर उजवीकडून सर स्वच्छ, डावीकडून तोच हंडा. म्हटलं, बघा, सापडला दोष! डावी बाजू गेलीय. थोरल्यानं सेटिंगमध्ये बॅलन्स काढून दाखवला, डावा शंभर, उजवा शंभर. मग इअरफोनचा डावा दाणा खराब असणार.

आता ड्रिपवाल्याला ही परीक्षा शिकवावी लागत नाही. एका ड्रिपरला पाणी कमी पडत असलं तर तो काढून शेजारच्या जागी लावायचा आणि शेजारचा इकडं. कमी पाणी ड्रिपरबरोबर गेलं तर दोष ड्रिपरचा. कमी पाणी त्याच जागेला राहिलं तर दोष नळीचा. मी इअरफोन उलटे लावले. डावा दाणा उजव्या कानात, उजवा डाव्यात.

हंडा डाव्या कानातच राहिला.

परत उलटे केले. परत तसंच. तिसऱ्यांदा केलं तेव्हा नात माझ्याकडं बघत होती आणि थोरला लॅपटॉपकडं बघत होता, म्हणजे माझ्याकडं बघायचं टाळत होता. मी इअरफोन काढून ठेवले, म्हटलं जरा खाली जाऊन येतो. मिठागराच्या बाजूला चालत गेलो. तिकडं संध्याकाळी वारा असतो. पूर्वी इथं मिठाचे ढीग दिसायचे म्हणतात.

आता ऑगस्टमधलं सांगतो. पंचवीस गुंठे टोमॅटोवर करप्याची सुरुवात दिसली. आमच्या कृषी सेवा केंद्रवाल्यानं नवीन मिश्र बुरशीनाशक पाठवलं. मी पहिल्यांदाच वापरत होतो. प्रमाण विचारायला फोन केला. तो म्हणाला वीस लिटरच्या पंपाला आठ ग्रॅम. मला थोडं कमी वाटलं, पण हल्ली नवी औषधं असतातच अशी ग्रॅमात. पाकिटावरचं अक्षर मुंगीएवढं, आणि चष्मा घरी. आठ ग्रॅमनं दोन फवारण्या केल्या. करपा शेंड्यापर्यंत गेला, शेवटचे चार तोडे गेले. मी दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर त्याला बोललो. डुप्लिकेट माल विकतोस म्हटलं. तो म्हणत होता, अण्णा प्रमाण काय वापरलं? मी म्हटलं, तू सांगितलंस तेवढंच, माझ्याकडं फोनचं रेकॉर्डिंग आहे. आणि मग सप्टेंबरमध्ये इथं नोंद लिहिली. दुकानाचं नाव घातलं नव्हतं, पण पंचक्रोशीत कुणाला कळायचं राहिलं नसेल.

रेकॉर्डिंग खरंच होतं. फोन आपोआप ठेवतो. मी ते तीन वेळा ऐकलं होतं आणि तिन्ही वेळा आठच ऐकलं होतं. मिठागराच्या बाजूला उभा असताना माझ्या ध्यानात आलं की मी फोन नेहमी डाव्या कानाला धरतो. उजव्या हातात पेन असतं.

घरी आलो आणि थोरल्याला म्हटलं, हे लॅपटॉपवर घे. त्यानं फाइल घेतली. मी फक्त उजव्या कानात दाणा घातला. एकदा ऐकलं. मग नातीला म्हटलं, तू ऐक आणि काय म्हणतोय ते सांग. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"वीस लिटरला साठ ग्रॅम, आबा. साठ म्हणतायत ते. दोनदा म्हणालेत."

एका 'स'चा फरक. लिटरला तीन ग्रॅम पाहिजे होतं, मी अर्धा ग्रॅमसुद्धा दिलं नव्हतं.

जेवलो नाही त्या रात्री. घरच्या म्हणाल्या, "दोन-तीन वर्षं झाली मी सांगतेय, तुम्ही टीव्ही किती मोठा करता." सांगत होत्या, खरं आहे. मी म्हणायचो बायका हळू बोलतात.

सोमवारी थोरल्यानं रजा टाकली. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, ऐकणं आणि बोलणं याच कामासाठी केंद्र सरकारनं काढलेली. मुलुंडवरून दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेनं वांद्रे. एका बंद खोलीत बसवतात, बाहेरचा काही आवाज आत येत नाही, इतकी शांतता मी शेतातसुद्धा ऐकलेली नाही. कानावर हेडफोन, हातात बटन. बीप ऐकू आला की दाबायचं. उजव्या कानाला मी दाबत होतो. डाव्या कानाच्या वेळी बराच वेळ मला वाटलं मशीन बंद पडलं.

मग कागदावर आलेख काढून दिला. पीकवाढीचा आलेख असतो तसा, पण उलटा. वरती असलेली रेघ चांगली. डावीकडं जाडे आवाज, उजवीकडं बारीक आवाज. माझी रेघ डावीकडं बरी चालते आणि चार हजार हर्ट्झजवळ विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. डाव्या कानाला तिथं साठ डेसिबल. परत साठच बघा. तपासणाऱ्या ताईंनी समजावलं की बोलण्यातला जाडेपणा म्हणजे आ, ओ, ऊ हे स्वर, ते मला ऐकू येतात. स, श, फ, थ असली बारीक वाऱ्याची अक्षरं वरच्या पट्टीत असतात, ती गळतात. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. बायकांचा आणि पोरांचा आवाज आधी जातो. 'साठ'मधला 'स' गेला की उरतो तो 'आठ'च.

पहिला प्रश्न त्यांनी विचारला होता, काम काय करता? शेती. ट्रॅक्टर? म्हटलं अठ्ठावीस वर्षं. स्वतःचं आणि भाड्यानंही, नांगरट, रोटर. केबिन आहे? केबिन कुठली, छत्रीसुद्धा दहा वर्षांपूर्वी बसवली. मग त्यांनी विचारलं, मागचं औजार बघायला कुठल्या बाजूनं वळता? मी खुर्चीवर बसल्या बसल्या वळून बघितलं. उजव्या खांद्यावरून. म्हणजे डावा कान तासन् तास इंजिनाकडं. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांमध्ये डावा कान जास्त गेलेला सापडतो तो बहुतेक यानंच, म्हणाल्या.

हिशेब असा आहे. ८५ डेसिबल आवाजात माणसानं दिवसाला आठ तास काम केलं तर चालण्यासारखं धरतात. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. बिनकेबिनचा ट्रॅक्टर लोडवर चालकाच्या कानाशी नव्वदच्या पुढं सहज जातो. गावी आल्यावर मी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घालून बघितलं, आमचा रोटरला ९४ दाखवतो. फोनचं मोजमाप अगदी बरोबर नसतं, धरून चला दोन-तीन इकडं-तिकडं. कडबाकुट्टी आणि फवारणीचा ब्लोअर अजून मोजायचाय. आणि आपण किती तास बसतो? नांगरटीच्या दिवसांत दहा-बारा तास. वर स्पीकरवर गाणी, इंजिनाच्या वर ऐकू यावीत एवढी मोठी.

कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, आवाज त्या पकडतात. मेल्या की परत येत नाहीत. खोडवा फुटत नाही त्याला. कापसाचा बोळा घालून फारसा उपयोग नाही, त्या म्हणाल्या. फोमची बुचं बोटात चुरगाळून नीट आत बसवायची, नाहीतर कानावर बसणारे मफ घ्यायचे. डाव्या कानाला मशीन लावून बघा असंही सांगितलंय. अजून माझं मन होत नाही. चष्मा लावताना लाज वाटली नाही, मग हे का वाटतं कळत नाही.

लॅपटॉपचं राहिलं. एक चांगली गोष्ट थोरल्याला सापडली. सेटिंगमध्ये ईझ ऑफ ॲक्सेस म्हणून आहे, नव्या विंडोजमध्ये त्याला ॲक्सेसिबिलिटी म्हणतात. त्यात ऑडिओ, आणि तिथं मोनो ऑडिओ चालू करायचं. मग डावा-उजवा वेगळा राहत नाही, सगळं दोन्हीकडं सारखं येतं, एका कानानं ऐकलं तरी काही सुटत नाही. बहुतेक स्मार्टफोनमध्येही ही सोय असते. शेवटच्या गुरुवारी मी तसंच ऐकलं, फक्त उजव्या कानानं, आणि सरांना सांगितलं की औषधाचं प्रमाण तोंडी सांगू नका, लिहून टाका. तर आणखी चौघं म्हणाले, हो सर, लिहाच. चौघंही ट्रॅक्टरवाले.

गावी आलो त्याच दिवशी दुकानात गेलो. मुद्दाम गिऱ्हाईक होतं तेव्हा गेलो, कारण बोललो होतो तेही गिऱ्हाइकांसमोर. म्हटलं, तू साठ सांगितलं होतंस, मी आठ ऐकलं, माल चांगला होता, माझं चुकलं. तो काही बोलला नाही. बराच वेळ बिलबुकाची पानं चाळत होता. मग म्हणाला, "अण्णा, त्या नोंदीनंतर वरच्या वाडीची पाच घरं माझ्याकडून माल घेत नाहीत." मी म्हटलं, मी जातो त्यांच्याकडं. तीन घरांत जाऊन आलो. दोन राहिलीत, ती माणसं ऊसतोडीला गेलीत, आली की जाईन.

सप्टेंबरची ती नोंद मी पुसलेली नाही. तिच्याखाली लिहिलंय की ही नोंद चुकीची आहे, प्रमाण माझ्याकडून चुकलं, औषध खरं होतं. ज्यांनी ती पुढं पाठवली असेल त्यांनी हीसुद्धा तिकडंच पाठवा.

निघताना त्यानं कांद्याच्या थ्रिप्सचं औषध दिलं. पाकिटावर काळ्या मार्करनं बोटभर आकड्यात पंपाचं प्रमाण लिहिलं आणि खाली अक्षरातही लिहिलं. सोमवारी लागण चालू आहे. रोटर भाऊ मारणार, मफ लावून. तो म्हणतो गरम होतं.